चाकामागचा दगड

कोंडिबाच्या जीपला हँडब्रेक होता, पण तो नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीसारखा, नुसता मिरवायला. पौड-कोळवण रस्त्यावर त्यानं तीस वर्षं वडाप केलं, म्हणजे सीटमागं पैसे घेऊन माणसं नेली-आणली, आणि ही गोष्ट त्याच्या एकूण एक पॅसेंजरला ठाऊक होती. खिंडीतल्या चढावर जीप थांबवायची वेळ आली, की मागच्या दाराशी बसलेल्या कुणीतरी उडी टाकायची आणि चाकामागं दगड लावायचा. मग कोंडिबा क्लच दाबून पहिला गिअर टाकणार, जीप हिसका देऊन पुढं निघणार आणि दगडवाला पळत येऊन मागं लटकणार. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जीप म्हटली की दगड आलाच.

हे ‘कुणीतरी’ म्हणजे बऱ्याच वेळा कोंडिबाची बायको, रत्नाबाई. पुढची सीट पॅसेंजरची, त्यातही मानाच्या पॅसेंजरची. गुरुजी, बाळंतीण, नवी नवरी, नाहीतर एखादा पाव्हणा. घरच्या माणसानं मागं दाराशी बसायचं, वडापाचा रिवाजच तसा. बाजाराला जाताना असो की माहेराला, रत्नाबाई मागंच. लोक चिडवायचे, "कोंडिबा, बायकोपरीस पॅसेंजर मोठा व्हय रं?" कोंडिबा हसायचा आणि हॉर्न वाजवायचा. रत्नाबाईला काय वाटतं, ते विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कोंडिबाच्याही नाही.

मागल्या वर्षी भाताची पोती टपावर चढवताना त्याचा पाय घसरला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली, हाड जुळलं, काठी सुटली. पण मांडी पार वाळून गेली. जुन्या जीपचा क्लच दाबायचा म्हणजे पायात दम लागतो. कोंडिबा जीपमध्ये बसून क्लचवर पाय ठेवायचा, सगळा जीव एकवटून दाबायचा आणि क्लच अर्ध्यावर आला की पाय लटलटायला लागायचा.

मग तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायला लागला. याला वळण कळत नाही, त्याला हॉर्न कळत नाही. चहा गार झाला म्हणून कटकट, गरम आहे म्हणून कटकट. रत्नाबाई एकदा म्हणाली, "काम ना धंदा, हरी गोविंदा!" तर त्या दिवशी तो जेवलाच नाही. खरं दुखणं पायाचं नव्हतंच. गाडी चालवता आली नाही तर आपण कोण, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. सबंध खोरं त्याला ‘जीपवाला कोंडिबा’ म्हणायचं. त्यातली जीप काढली तर मागं काय उरतं?

लेक पल्लवी हिंजवडीजवळच्या चांदे गावात दिलेली, हिंजवडीतच नोकरीला. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "आबा, पौडला जिम सुरू झालीय. शैलेश म्हणून ट्रेनर आहे, चांगला मुलगा आहे. मी तुमचं नाव घातलंय."

"जिम? ह्या वयात? तितं काय पैलवानकी करू?"

"डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय ना?"

"मी येकटा न्हाई जायचा," कोंडिबा म्हणाला. आता तरी सुटका होईल असं त्याला वाटलं होतं.

"मी येती की संगं," रत्नाबाई चुलीपासून म्हणाली.

पहिल्या दिवशी कोंडिबानं जिमच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. आत पोरं बूट घालून नाचत होती. शैलेश धावत आला, "काका, उलटं आहे इथं. बूट घालून आत यायचं." रत्नाबाई पंख्याखाली बाकावर बसली, पदर सावरून, पिशवी मांडीवर धरून, एसटीची वाट बघत बसावं तशी. तिनं ट्रेडमिलवरच्या पोरांकडं बराच वेळ बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "आरं, एवढं चालताय, पर पोचणार कुटं?" सगळी जिम हसली. चार दिवसांत तीही त्या पट्ट्यावर होती. लुगड्याचा काचा मारून, पल्लवीनं आणून दिलेले बूट घालून.

पायानं वजन ढकलायचं एक यंत्र होतं. शैलेशनं त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, पण कोंडिबानं एकदा त्यावर पाय ठेवला आणि म्हणाला, "हा तर क्लच हाय." तेव्हापासून सगळी जिम त्याला क्लचच म्हणायला लागली. पोरं आपसात बोलायची, "आज क्लच मारला का?" शैलेश रोज थोडं थोडं वजन वाढवायचा. कोंडिबा डोळे मिटून ढकलायचा आणि डोळ्यांपुढं खिंडीचा चढ आणायचा. शेजारी उभी राहून रत्नाबाई त्याच्या गुडघ्याकडं बघत असायची. पाय लटलटला की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, दमानं. पळून का चाललाय चढ?"

हिवाळा गेला, शिमगा झाला. मांडी भरली. जिना तो कठड्याला न धरता चढायला लागला. एके सकाळी त्यानं जीपच्या काचा पुसल्या, अगरबत्ती लावली आणि रत्नाबाईला म्हणाला, "चल, पौडला जिमला आज आपल्याच गाडीतनं." ती नेहमीप्रमाणं मागं दाराशी बसली.

सपाटीला जीप झकास चालली. कोंडिबा शीळ घालत होता. खिंडीच्या चढावर समोर एक ट्रक थांबला म्हणून त्याला थांबावं लागलं. ट्रक हलला. कोंडिबानं क्लच दाबला, गिअर टाकला, आणि क्लच हळूहळू सोडायच्या ऐन वेळी पाय दगा देऊन गेला. जीप बंद पडून मागं सरकायला लागली. पण तेवढ्यात मागून धप्प आवाज आला आणि जीप जागच्या जागी थांबली.

रत्नाबाईनं दगड लावला होता.

गावातल्या एका पोरानं जीप घरी आणून लावली. कोंडिबानं किल्ली देवळीत ठेवली आणि म्हणाला, "झालं." त्याला जीप चालवणं सुटल्याचं जेवढं वाईट वाटलं, त्याहून जास्त भीती वाटली होती. बायको चाकामागं वाकली होती आणि जीप खाली येत होती, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. आजवर शेकडो वेळा ती अशीच वाकली असेल. एकदाही त्यानं मागं वळून बघितलं नव्हतं.

जिम मात्र सुटली नाही, कारण रत्नाबाईनं सोडू दिली नाही. "मला आवाडतंय तितं," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती, पण पुरतं खरंही नव्हतं.

मे महिन्यात पल्लवी आणि तिचा नवरा सुनील यांनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं. पल्लवीनं शोरूमच्या सोनल नावाच्या मुलीला गाडी घेऊन पौडला, थेट जिमखालीच बोलावलं. कोंडिबा आणि रत्नाबाई घाम पुसत खाली उतरले, तर समोर पांढरीशुभ्र गाडी उभी.

"आबा, चालवून बघा. तुम्ही हो म्हणालात तर घेते," पल्लवी म्हणाली.

"पल्ले, थट्टा करतीस का बापाची?" त्याचा आवाज चढला. "पायाचं म्हाईत न्हाई का तुला?"

"काका, हिला क्लचच नाही," सोनल म्हणाली.

कोंडिबानं वाकून आत बघितलं. खरंच दोनच पेडल होती. डाव्या पायाला काही कामच नव्हतं. बराच वेळ तो तसाच वाकून बघत राहिला, जसं काही तिसरं पेडल कुणी लपवून ठेवलंय.

सोनल पुढं शेजारी बसली, मायलेकी मागं. कोंडिबानं बटण दाबलं आणि कान देऊन बसला.

"चालू व्हईना."

"चालू आहे, काका."

"आवाज कुटं हाय?"

"आवाज नसतो."

निघाल्या निघाल्या डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि सगळा जोर ब्रेकवर पडला. चौघांच्या माना पुढं गेल्या. "काका, डावा पाय मागं घ्या. त्याला आता सुट्टी," सोनल हसत म्हणाली. कोंडिबानं पाय सीटखाली दुमडून घेतला. पुढं एका उतारावर डिझेल वाचवायची जुनी खोड उफाळून आली आणि त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली. सोनल घाईनं म्हणाली, "नको नको, काका! गिअरमध्येच राहू द्या. उतरताना ही थोडी चार्ज होते."

"म्हंजी उताराला टाकी भरती?"

"तसंच समजा."

"आयला," कोंडिबा म्हणाला. "आन आमी जलमभर उताराला गाडी बंद करून पुण्य केल्यावानी हिंडलो." पल्लवीला बापाच्या आवाजात जुना सूर ऐकू आला. तिनं आईचा हात दाबला.

मग खिंड आली. कोंडिबाची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली. एका दमात चढून जायचं, मध्ये थांबायचंच नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. अर्ध्या चढावर करवंदीच्या जाळीपाशी एक म्हातारा उभा होता. वरच्या वाडीवरचा चिंधूबाबा. पौडला करवंदं विकून पायी परत निघालेला, डोक्याला फडकं, हातात जवळपास रिकामी पाटी. ऊन असं, की डांबर मऊ झालेलं.

कोंडिबाचा एक नेम होता. वाटेत उभं असलेलं माणूस टाकून जायचं नाही. जीपमध्ये मुंगीला शिरायला जागा नसली तरी तो थांबायचा. आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की जाऊ दे, दिसलाच नाही म्हणावं. गाडी म्हाताऱ्याच्या पुढं गेलीही. आणि मग पाय आपसूक ब्रेकवर गेला. उजवा.

चढावर गाडी थांबली. चिंधूबाबानं ढुंकूनही बघितलं नाही. असल्या पांढऱ्या गाड्या फार्महाऊसवाल्यांच्या, त्या वाडीतल्या माणसासाठी कशाला थांबतील? कोंडिबानं काच खाली केली, हात बाहेर काढला आणि पंजानं दारावर दोनदा थाप मारली. धप, धप. वडाप निघताना तो जशी मारायचा तशी.

म्हाताऱ्यानं मान झटकन वळवली. "कोंडिबा? तूच का रं?"

तेवढ्यात मागचं दार उघडलं. पल्लवी "आई, आई, काय करतेस?" म्हणेपर्यंत रत्नाबाई खाली उतरली होती. तिनं कडेचा चांगला जाड धोंडा उचलला आणि गाडीच्या मागच्या चाकाकडं धावली. सोनल घाबरून खाली उतरली. कोंडिबाला आरशात बायको दिसली. कंबरेत वाकलेली, पायांत जिमचे बूट, दोन्ही हातांत दगड, आणि नजर चाकावर.

पण चाक हलत नव्हतं. तिनं वाट बघितली. गाडी जागची ढिम्म हलेना. तिनं एकदा चाकाकडं बघितलं, एकदा सोनलकडं.

"मागं येत न्हाई?"

"नाही येत, काकू. चढावर थांबते ती."

रत्नाबाई दगड हातात घेऊन तशीच उभी राहिली. कोंडिबा खाली उतरायला निघाला, तर सोनल ओरडली, "काका, आधी ते पार्किंगचं बटण!" त्यानं बटण दाबलं आणि उतरून मागं आला. बायकोच्या हातातला दगड त्यानं स्वतःच्या हातात घेतला. चांगलाच जड होता. कधी उचलून बघितलाच नव्हता.

"तीस वरसं तू हुतीस म्हून माझी गाडी मागं गेली न्हाई," तो म्हणाला. "मी कधी वळून बघितलं न्हाई गं. लई उपकार हायेत तुजं."

पोरीदेखत, परक्या मुलीदेखत, चिंधूबाबादेखत असं काही ऐकायची रत्नाबाईला सवय नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता हे रस्त्यात सांगायचं व्हय? म्हातारं उनात उभं हाय. बसवा त्याला फुडं."

"त्यो मागं बसंल. फुडं तू."

"फुडं पॅसेंजर बसत्यात."

"बसू दे आज मागं."

सोनलनं आपली सीट सोडली. "काकू, बसा तुम्ही. मी मागं बसते." चिंधूबाबा मागं पल्लवीशेजारी टेकला आणि पाटीच्या बुडाशी उरलेली करवंदं त्यानं सगळ्यांच्या हातावर घातली. सोनलच्या मांडीवरच्या शोरूमच्या कागदांवर जांभळे डाग पडले, तरी ती करवंदं खात राहिली. कोंडिबानं दगड कडेला टाकला, हात झटकले आणि बसला. डावा पाय सीटखाली. उजव्या पायानं हलकेच दाबलं आणि गाडी हिसका न देता चढ चढायला लागली.

जिमच्या पोरांचे, शैलेशचे, लेकीचे, सगळ्यांचे उपकार त्याला एकदम आठवले. कधी नव्हे ते डोळे भरून आले आणि रस्ता धूसर झाला.

रत्नाबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. हा रस्ता तिनं नेहमी जीपच्या मागच्या दारातून, लांब लांब जाताना बघितला होता. आज तो समोरून येत होता. खिंड संपली, आणि एकदम सगळं खोरं पुढ्यात उघडलं. ती बघतच राहिली. मग एकाएकी तिनं नवऱ्याच्या दंडाला हात लावला.

"हळू घ्या," ती म्हणाली. "वळणावर म्हशी हायेत."