चारशे सतरा नंबरचा बगळा

कुंदनची पहिली थप्पड बसली तरी हेमराजने दुर्बीण सोडली नाही. गाल पेटला, डोक्यावरची टोपी खाडीकाठच्या चिखलात गेली, पण दोन्ही हात दुर्बिणीला घट्ट. बायकोचा सख्खा भाऊ रविवारी सकाळी सात वाजता दोन वॉचमन घेऊन येतो काय आणि बोलायच्या आधी हात उचलतो काय, त्याच्या डोक्यातच काही शिरेना.

“दाजी, हाई कोनासाठे लिखतस?” कुंदनने खिशातून एक छोटी डायरी काढून त्याच्या नाकासमोर नाचवली. डायरी हेमराजचीच होती, काल मिलच्या लॅबमध्ये राहिलेली.

“पाखरे लिखस रे मी. पाखरे!”

“पाखरेस्ले शेड नंबर ऱ्हास का?” दुसरी थप्पड पहिलीपेक्षा जोरात बसली.

आता यात हेमराजची चूक एवढीच, की त्याला जग नंबरातच दिसायचं. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, तो बावीस वर्षं शेड, म्हणजे रंगाच्या छटा, जुळवत होता. व्यापारी रंगाची चिंधी आणून देई आणि तसाच रंग कापडाच्या ताग्यावर चढला की नाही, ते हेमराजची मान सांगे. मशीन काहीही म्हणो, कलर मास्तर आधी त्या मानेकडे बघायचा. राणी म्हणजे चारशे सतरा, फिरोजी म्हणजे सहाशे तीन. पक्ष्यांचा नाद लागला तेव्हा त्याला चार नावंसुद्धा येत नव्हती. मग गड्याने आपल्या सवयीने लिहायला सुरुवात केली: ‘सकाळी ६.४०, खाडी, पुलाखाली, ६०३, दोन.’ म्हणजे दोन खंड्या बसले होते. पण काल मॅनेजरने डायरी चाळली आणि त्याला खंड्या कुठला दिसायला! त्याला दिसली तारीख, वेळ, खाडी आणि आपल्याच मिलचे नंबर, म्हणजे तक्रारीचा पुरावाच. मिलचं रंगीत पाणी चोरून खाडीत सुटतं, हे मॅनेजरला माहीत होतं. हेमराजला नव्हतं.

मॅनेजरने कुंदनला बोलावलं. मिलचे सगळे वॉचमन कुंदनच्या हाताखाली. ‘तुझाच दाजी ना?’ एवढंच मॅनेजर म्हणाला. कुंदनला नोकरी टिकवायची होती, म्हणून पहिला हात त्यालाच टाकावा लागला.

“साब, हाथ पे भी लिखा है,” एक वॉचमन म्हणाला.

कुंदनने हेमराजची मूठ उलगडली. तळहातावर पेनाने ताजं लिहिलं होतं, ४१७. आज उजाडताच त्याला काठावर एक बगळा दिसला होता, पोट आणि पंखांच्या कडा राणी रंगाच्या! असा पक्षी त्याने जन्मात पाहिला नव्हता. डायरी नव्हती, म्हणून हातावर लिहिलं. घरी जाऊन बायकोला, शोभाबाईला, सांगायचं होतं, बघ, पैसे वाया नाही गेले.

कारण दुर्बिणीवरून घरात तीन महिने रोज ठिणगी उडत होती. बारा हजार आठशे! छापील किमतीत दुकानदाराने एक रुपया सोडला नव्हता. शोभाबाई दिवसभर साड्यांना खडे चिकटवून बोटं सोलून घ्यायची, ती कशाला गप्प बसेल? “चिड्या देखाले बारा हजार लागतस का? इतला पैसास्मा घरना पत्रा बदलाई जातात.” कुंदनने तर मोबाइलवर सात हजारांची दाखवून दाजींना येडं ठरवलं होतं. पण हेमराजने दुकानात स्वस्त आणि महाग दोन्ही दुर्बिणी डोळ्यांना लावून पाहिल्या होत्या. स्वस्तातली रंगाला जांभळी कड सोडायची. हिच्यात रंग जसाच्या तसा दिसायचा. शेडवाल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

“शुक्कीरवारे चारशे सतरा सोडं, ते तुम्हले कसं समजनं?” कुंदनने त्याची कॉलर धरून विचारलं.

“काय सोडं?”

“नाटक नका करू!”

वॉचमनची काठी गुडघ्यामागे बसली. हेमराज तोंडावर पडला, ओठ फाटला, आणि पाण्यापासून वीतभर अंतरावर त्याचे डोळे उघडे राहिले. पाणी राणी रंगाचं होतं. शुक्रवारचा लॉट त्यानेच मान हलवून पास केला होता. अरे देवा! नवा पक्षी कसला, गावात शेतावर येतो तोच पांढरा बगळा आणि वर आपलाच रंग.

“कुंदन, तो बगया... तो आपला रंगमा भिजना रे,” तो ओरडला.

बरगडीत लाथ बसली. मग दुसरी, तिसरी. एकाने पाठीवर पाय दिला, दुसऱ्याने काठीने खांदे झोडपले. कुंदनने दुर्बीण हिसकली, तिचा पट्टा हाताला गुंडाळला आणि हेमराजने मान वर काढताच गरगर फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. एक काच फुटली. हेमराजच्या डाव्या डोळ्यातून रक्त आणि पाणी मिसळून वाहू लागलं, तेव्हा कुठे कुंदनचा हात थांबला. मग तो स्वतःच रडायला लागला आणि त्याने दाजीला रिक्षात घातलं.

डावा डोळा गेला. मार उजव्यालाही लागला होता; त्याने उजेड दिसे, पण रंग ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, बघू या.

आठव्या दिवशी कुंदन घरी आला. त्याने एक लिहिलेला कागद आणि पाकीट खाली ठेवलं. वर बघायची त्याची छाती नव्हती.

“ताई, दाजी पाय घसरी पडनात, इतलीच सही करानी शे. नोकरी राही. दुर्बीणनी पुरी किंमत शेठनी धाडी शे.”

हेमराज भिंतीकडे तोंड करून पडला होता. सही केली की पगार, नाही केली की रस्ता, हे त्यालाही कळत होतं. शोभाबाईने सही न करताच कागद आणि पाकीट उचललं आणि भावाच्या खिशात कोंबलं.

“ती दुकाननी किंमत व्हती, कुंदन. आते तिन्हामा यासना डोया बी शे. ऊठ, आनि परत आठे येऊ नको.”

त्याच्या पुढच्या रविवारी दोघं खाडीवर गेली. हेमराजला रिक्षातून हात धरून उतरवावं लागलं. दुर्बिणीची एकच नळी धड होती. ती शोभाबाईने डोळ्याला लावली. मांडीवर हेमराजचं जुनं शेडकार्ड, रंगीत चिंध्या चिकटवलेलं.

“शे का?” त्याने विचारलं.

“शे. बगया शे.” ती बराच वेळ बघत राहिली. “अरे माय वं, किती साफ दिखस हाईमा!”

“रंग?”

तिने एक चिंधी समोर धरली, मान हलवली. दुसरी धरली. तिसरीपाशी थांबली, पुन्हा नळीतून पाहिलं, पुन्हा चिंधीकडे पाहिलं.

“हाई.”

“नंबर वाच.”

“चार, एक, सात.”

“लिख,” हेमराज म्हणाला.

शोभाबाईने नवी वही उघडली. तिने तारीख घातली, वेळ घातली, नंबर घातला, आणि मग त्याने न सांगताच खाली मिलचं पूर्ण नाव लिहिलं.