बॉयलरवाल्याचं बारावं पत्र

आमच्या धुलाई कारखान्याच्या साहेबांचं काळीज इतकं हळवं, की 'बिघाड' हा शब्द वाचला तरी दोन दिवस त्यांना अन्न जात नसे. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंकडून एक चाळणी करून घेतली. कामगारानं खाली पत्र टाइप केलं, की वर साहेबांकडे पोचेपर्यंत त्यातले नकोसे शब्द गळून जात. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात त्याला. एकदा 'दुरुस्ती' सांगून ठेवलं, की दुरुस्तीला, दुरुस्तीची, दुरुस्तीवाचून, सगळं खानदान धरून बाहेर. असे त्रेसष्ट शब्द होते.

ही बाई म्हणजे आमच्या बॉयलरवाल्याची थोरली सून. आणि नेमकी बॉयलरची वाफ सोडणारी झडप अडकली होती. बॉयलर असा फुगायचा, की वरच्या मजल्यावरच्या चादरी आपोआप इस्त्री होऊन घडी घालून बसायच्या. मी स्वतः पाहिलंय. म्हाताऱ्यानं अकरा पत्रं धाडली. अकरावं पोचलं ते असं: "साहेब, बॉयलरची झाली आहे, करावी, नाहीतर होईल. आपला नम्र." साहेबांचं उत्तर आलं, "वाचून आनंद झाला."

म्हातारा सुनेच्या टेबलाशी गेला. "सूनबाई, तुझ्या चाळणीत काय काय गळतं?"

"ते सांगता येत नाही, मामंजी. नोकरी जाईल माझी."

"मी आठ तास त्या धुडाशेजारी बसतो. माझं काय काय जाईल?"

तिनं यादी दाखवली. म्हाताऱ्यानं वरून खाली बोट फिरवलं. "यात शिव्या नाहीत."

"साहेबांना कोण शिव्या देणार?"

"बरं झालं," म्हातारा म्हणाला, आणि बाजूची खुर्ची ओढून टाइप करायला बसला. ठोंब्या, बिनडोक, गेंड्याच्या कातडीच्या, असं पानभर. झडपेचं नाव नाही की बॉयलरचं नाही. शेवटी एवढंच: "हिंमत असेल तर खाली ये."

सुनेनं ते त्याच्या खांद्यावरून वाचलं. "मामंजी, मी चाळणीत एक ओळ वाढवली ना, तर हेही गळेल."

"वाढव की. आणि माझा एखादा बरा फोटो काढून ठेव."

तिनं चाळणीची यादी उघडली आणि पुन्हा मिटली. मग ओळ न वाढवताच तिनं पत्र वर सोडलं.

पाचव्या मिनिटाला साहेब लालबुंद होऊन बॉयलरखोलीत हजर. अकरा वर्षांत त्यांनी तो जिना पाहिला नव्हता. "हे कोणी लिहिलं?"

"मीच. बसा साहेब."

खुर्ची एकच होती, झडपेला खेटून. साहेब रागाच्या भरात बसले. तेवढ्यात बॉयलरनं असा हुंकार दिला, की साहेबांच्या मिशा सरळ झाल्या आणि कोटाची बटणं एकेक करून उडाली. ते उठायला गेले, तर म्हाताऱ्यानं खांद्यावर हात ठेवला.

"नवी झडप येईस्तोवर बसा. एकट्याला करमत नाही इथं."

साहेबांनी त्याच खुर्चीतून फोन लावला. झडप चाळीस मिनिटांत आली.