फुटाला पाऊण इंच

गौरम्मा बिराजदारला मोटारी करण्याचा नाद होता आणि सोलापूरच्या भवानी पेठेत तो सगळ्यांच्या परिचयाचा झाला होता. तिचे वडील ईश्वरप्पा ट्रक-बसच्या बॉड्या बांधत. त्यांच्या शेडमध्ये लहानपणी हिंडताना पत्रा कसा कापावा, कसा वाकवावा आणि सांध्याला कथलाचा डाग कसा द्यावा हे तिनं कुणी शिकवण्याआधीच उचललं होतं. लग्नानंतर बरीच वर्षं हे सगळं हातातच राहून गेलं. मग मुलगा शिकायला धारवाडला गेला, दुपारी घर रिकामं होऊ लागलं, आणि एके दिवशी तिनं तुपाचा रिकामा डबा कापून एक जुनी डॉज केली. त्यानंतर ऑस्टिन झाली, लँडमास्टर झाली. सगळ्यांचं माप एकच, खऱ्या गाडीच्या फुटाला पाऊण इंच. काचांसाठी ती धुतलेली एक्स-रे फिल्म वापरी, टायर चपलेच्या रबरातून कापी आणि सायकलच्या दुकानातून आणलेला रंग पातळ करून थरावर थर चढवी, प्रत्येक थर ओल्या पॉलिश पेपरनं घाशी. लोक येत, वाकून पाहत, दारं उघडूनमिटून बघत, आणि ही बाई नक्की कुठल्या कारखान्यातून आणते असं एकमेकांना विचारत.

तिचे यजमान गुरुबसप्पा यांचं सुताचं दुकान होतं, आणि दारात फियाट होती. ती गाडी ते एकटेच चालवीत. गौरम्मानं एकदा शिकवा म्हटलं तेव्हा ते रागावले नाहीत, नुसते हसले.

"तुझ्या एवढ्या गाड्या हायत की घरात," ते म्हणाले. "त्यातली कुठलीही चालव."

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी तिनं तीच फियाट करायला घेतली. यजमान दुपारचे झोपले की ती शिंप्याची टेप घेऊन अंगणात जाई, बॉनेटचा उतार, दारांच्या कडा, मागच्या काचेचा बाक मोजी, आणि मग ड्रायव्हरच्या जागेवर बसून आतलं पाही. या गाडीचं सगळं चालतं करायचं असं तिनं ठरवलं होतं. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळली पाहिजेत, पेडलं दाबली गेली पाहिजेत, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा जागच्या जागी पडला पाहिजे. दांडा तिनं केसांच्या आकड्याचा केला. तो बसवण्यासाठी खऱ्या दांड्याची चाल कळायला हवी, म्हणून ती बंद गाडीत बसून गिअर टाकून बघत राही. दिवाळीपर्यंत मॉडेल पुरं झालं. माडीवरच्या खिडकीपाशी, पांढऱ्या कापडावर ते ठेवलं तेव्हा गुरुबसप्पासुद्धा बराच वेळ बघत उभे राहिले.

काही दिवसांनी ती गाडी पुसायला गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढच्या डाव्या टायरची नक्षी झिजली आहे. तापलेल्या सुईनं एकेक रेघ ओढून ती नक्षी तिनं स्वतः काढली होती. बोट फिरवलं तर रबर गुळगुळीत लागलं. रबरच हलकं निघालं असेल, असं म्हणून तिनं नवा टायर कापला. पुढच्या आठवड्यात मडगार्डच्या आतल्या बाजूला काळी माती सापडली. चिमटीत येईल एवढीच, पण वाळून घट्ट चिकटलेली, जशी शेतातल्या वाटेनं आलेल्या गाडीला चिकटते तशी.

त्याच सुमाराला भांडी घासायला येणारी बाळाबाई कामाला लागता लागता म्हणाली, "वैनी, काल तुमी तुळजापूर रोडला दिसला की."

"मी? मी काल घरातच होते. गाडीही दारातच होती."

"मी एसटीत व्हते. तुमी गाडी चालवत चालला व्हता. मी हात केला, तुमी बी केला." बाळाबाई कौतुकानं हसली. "लई झ्याक चालवता."

गौरम्मा हसण्यावारी नेणार होती. पण काल दुपारी तिला डोळा लागला होता आणि उठल्यावर उजवं पाऊल भरून आलं होतं, हे तिला आठवलं. ती माडीवर गेली, मॉडेलपाशी बसून राहिली, आणि भीती वाटायला हवी तिथं आपल्याला भीती वाटत नाही, उलट छातीत काहीतरी मोकळं होतं आहे, असं तिला जाणवलं. नंतर असं आणखी दोघातिघांनी सांगितलं. कुणी तिला हैदराबाद रस्त्याला पाहिलं होतं, कुणी अक्कलकोटच्या वाटेवर. गुरुबसप्पा अशा माणसांना म्हणत, दुसरं कुणीतरी असेल, आमच्याकडं गाडी मीच चालवतो. गौरम्मा तेव्हा चहाचे कप गोळा करत असे. दर वेळी ती नवा टायर कापून बसवी, आणि माती मात्र पुसत नसे.

माघात दोघं वेळापूरला देवदर्शनाला गेली. येताना मोहोळ मागं पडलं, ऊन कलायला लागलं होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, आणि बोलता बोलता गुरुबसप्पा मधेच थांबले. त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. कपाळावर घाम डवरला होता आणि डावा हात छातीशी आवळला होता.

"गौरम्मा," ते म्हणाले, "कुणाला तरी हात कर."

रस्त्यावर कुणी नव्हतं. तिनं त्यांना काखेत धरून उतरवलं, मागच्या सीटवर आडवं केलं, पदर खोचला, आणि स्टिअरिंगवर येऊन बसली. किल्ली फिरवली. क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर, सगळं तिच्या पायांनी आणि हातांनी तिला न विचारता केलं. गाडी धक्का न खाता निघाली.

पुढं एका ओढ्याच्या पुलावर ट्रक आडवा पडला होता आणि दोन्हीकडं गाड्यांची रांग लागली होती. गौरम्मानं ब्रेकवर पायसुद्धा नेला नाही. रांगेच्या अलीकडं ज्वारीतून एक गाडीवाट उतरत होती, तिथं तिनं स्टिअरिंग वळवलं. वाट पुढं वीटभट्टीपाशी जाते, भट्टीच्या खाली ओढ्याला पाणी नसतं, आणि पलीकडच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये राहावं लागतं, हे तिला माहीत होतं. कसं माहीत, हे स्वतःला विचारायला तिला सवड नव्हती. एका वळणावर बाभळीच्या फांदीनं गाडीची डावी बाजू करकरत खरवडून काढली. भट्टीपाशी विटांची बैलगाडी वाट अडवून उभी होती. गाडीवाल्यानं तिला पाहिलं आणि हॉर्न वाजायच्या आधीच बैल बाजूला घेतले.

"आज लई घाईत, बाई?" त्यानं ओळखीनं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि ओढ्यात उतरली.

सोलापुरात शिरताना तिच्या मागंपुढं टांगे, सायकली, रिक्षा, गिरणीतून सुटलेली माणसं होती. त्या सगळ्यांतून तिनं गाडी अशी काढली की कुणाला अंग चोरावं लागलं नाही. इस्पितळाच्या पायरीशी तिनं गाडी लावली तेव्हा दार उघडायला धावलेला माणूस ड्रायव्हरला शोधत होता. थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर संध्याकाळी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "गाडी किती वर्षं चालवता?" गौरम्मानं दमून भिंतीला पाठ टेकली आणि तिला हसू आलं.

गुरुबसप्पा वाचले. ते घरी येईपर्यंत ही हकिगत साऱ्या पेठेत पसरली होती. बायका मुद्दाम वाट वाकडी करून येत, गाडीवरून हात फिरवत. इस्पितळातून कपडे न्यायला घरी आली त्याच दिवशी गौरम्मा माडीवर गेली होती. मॉडेलच्या डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या मडगार्डपर्यंत, एक लांब ओरखडा होता. रंगाचे सगळे थर कापून तो पत्र्यापर्यंत पोचला होता. तिनं रंगाची डबी उघडली, ब्रश बुडवला, आणि तसाच पुसून ठेवून दिला.

चैत्रात नवी पेठेत महिला मंडळाचं हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. भरतकामाच्या आणि लोकरीच्या टेबलांमध्ये पांढऱ्या कापडावर ती फियाट होती, आणि तिच्याभोवती एवढी गर्दी झाली की मंडळाच्या बायकांना दोरी बांधावी लागली. परीक्षक पुण्याहून आलेले कला महाविद्यालयाचे प्राध्यापक होते. ते भिंग लावून वाकले, चाकं वळवून पाहिली, गिअरचा दांडा हलवला.

"हा ओरखडा," ते म्हणाले. "कमाल आहे. कशानं काढलात?"

"काढला नाही," गौरम्मा म्हणाली. "पडला."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा गुरुबसप्पा पहिल्या रांगेतून काठी टेकत उठले आणि सगळ्यांच्या देखत फियाटची किल्ली त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. परवाना तर तिनं फाल्गुनातच काढला होता. साऱ्या सभागृहानं पुन्हा टाळ्या वाजवल्या. एवढं ताठ गौरम्मा आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती.

बाहेर उन्हं पिवळी झाली होती. गुरुबसप्पा मागच्या सीटवर बसले. दुखण्यापासून ते मागंच बसत, पुढं बसा म्हटलं की मान हलवत. गळ्यातला सत्काराचा हार तिनं काढून बॉनेटवर ठेवला आणि ती स्टिअरिंगवर बसली.

"गौरम्मा, एक विचारू?" ते हळू आवाजात म्हणाले. "त्या दिवशी मी शुद्धीवर होतो."

तिनं आरशात पाहिलं.

"मी इथंच पडलो होतो. स्टिअरिंगवर तू होतीस. तुझ्या शेजारी बसून तुला वाट सांगत होती, ती बी तूच होतीस." त्यांनी आपला तळहात उघडून पाहिला. "तिचा हात मी धरला होता. गरम होता."

रस्त्यावरून लोक जात होते. कुणीतरी काचेतून वाकून गौरम्माला नमस्कार केला आणि तिनंही हसून मान लववली. मग ती डावीकडं झुकली, शेजारचं दार आतून उघडलं आणि थांबली. सीट जराशी दबली. दार लागल्याचा आवाज तिनं नीट ऐकून घेतला आणि किल्ली फिरवली.