सातनंतर आत कुणी नाही

अंजलीने इंग्रजी निवेदनातल्या 'दुर्दैवी' या शब्दावर काट मारली आणि त्या जागी काय लिहावे हे न सुचल्याने जागा मोकळीच ठेवली. समोर विलासराव चहात बिस्किट बुडवत होते. कन्नड मुलखातल्या येलहंक्यात, कस्तुरी मेडोजच्या बेचाळीस घरांचे ते अध्यक्ष, ती चिटणीस. निवृत्तीनंतर नवरा-बायको मिळून वसाहतीचा कारभार पाहतात, याचे सर्वांना कौतुक होते.

"शब्द कसले तपासतेस? सही कर. चारच्या आत पोलिसांना द्यायचंय."

"यात लिहिलंय, मुलगी सातला गेटबाहेर गेली."

"नोंद तसंच सांगते."

नोंद काय सांगते हे अंजलीइतके कुणालाच ठाऊक नव्हते. घरकामाच्या बायका आल्या-गेल्या की पहारेकरी फोनवर नोंद करीत. एखादीची बाहेर पडल्याची नोंद राहून गेली, की महिन्याच्या अहवालात लाल ठिपका उमटे. आणि लाल ठिपका सुसंस्कृत माणसांना सहन होत नाही. म्हणून गेल्या वर्षी अंजलीनेच नियम सुचवला होता: सातनंतर एकही नोंद उघडी राहिली तर पहाऱ्याच्या ठेकेदाराला दंड. ठराव एकमताने संमत झाला. तेव्हापासून अहवाल निष्कलंक होता. बायका मात्र पूर्वीसारख्याच कधी साडेसातला, कधी नऊला घरी जात.

फत्तेसिंग हा गेटवरचा सर्वांत जुना पहारेकरी. काल तिने त्याला विचारले होते.

"मॅडम, सात बजे सबको एक साथ आउट कर देते हैं," तो खाली पाहत म्हणाला होता. "रूल आपका ही है ना."

चौदा नंबरच्या जितेंद्रकडे काम करणारी भार्गवी मंगळवारी दुपारी चारला आत आली. नोंदीप्रमाणे सातला बाहेर पडली. आठ वाजता अंजलीने तिला जितेंद्रच्या गच्चीवर, दिव्याखाली, वाळलेले कपडे काढताना पाहिले होते. त्यानंतर ती घरी पोचलीच नाही. बुधवारी जितेंद्रने मिस्त्री बोलावून परसातली जुनी पाण्याची टाकी बुजवून घेतली. आज शनिवार. भार्गवीची आई चार दिवस गेटसमोरच्या फुटपाथवर बसून होती. फुटपाथ वसाहतीच्या हद्दीत मोडत नसल्याने तिच्याबद्दल समितीला कोणताही नियम करता आला नव्हता.

"अहो, मी तिला आठ वाजता पाहिलं."

विलासरावांचे बिस्किट कपात तुटून पडले. ते चमच्याने शोधू लागले.

"त्याची बायको असेल."

"त्याची बायको महिनाभर पुण्याला आहे."

"मग तिसरीच कुणी असेल! अगं, आपल्याला इथं राहायचंय. त्याच्या शेजारी. रोज." बराच वेळ चमचा फिरत राहिला. "मागे माझ्या छातीत दुखलं तेव्हा कोण धावलं होतं, आठवतंय ना?"

अंजलीने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"मीच देऊन येते."

"हे बरं केलंस," ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही.

ती गेटपर्यंत पोचायच्या आतच मागून आलेली गाडी शेजारी थांबली. काच खाली आली.

"काकू, उन्हात कुठे? बसा ना, ड्रॉप करतो."

नकार द्यायला कारण लागते, आणि चार वर्षांत जितेंद्रने तिला एकही दिले नव्हते. ती बसली. दारांची कुलपे आपोआप लागल्याचा बारीक आवाज झाला.

"स्टेटमेंट द्यायला निघालात ना? काकांचा मेसेज आला आत्ताच. थँक्स हं, खरंच. त्या पोरीपायी अख्खी सोसायटी स्ट्रेसमध्ये आहे."

"पोरीपायी," अंजली म्हणाली.

"म्हणजे, पळून गेली असणार हो. या वयात जातात."

गेटबाहेर भार्गवीची आई उठून उभी राहिली. जितेंद्रने गाडी हळू केली, काच उतरवली आणि पाण्याची थंड बाटली तिच्यापुढे धरली. तिने दोन्ही हातांनी ती घेतली.

"मला बघवत नाही असं," काच वर करत तो म्हणाला. आणि त्याला खरोखरच बघवत नसावे. त्याचे डोळे ओलसर दिसत होते.

पोलीस ठाण्यासमोर त्याने सावली शोधून गाडी लावली.

"मी इथंच आहे, काकू. सोबतच जाऊ परत."

उपनिरीक्षक बसवंत निपाणीकडचा होता. मराठी ऐकताच त्याने फाइल बाजूला सारली.

"बोला, अक्का."

तिने सांगितले. गच्ची, कपडे, आठची वेळ. मग सातचा नियम, आणि तो कुणाचा हेही. तिचा आवाज सभेचे इतिवृत्त वाचावे तसा सरळ निघाला. बसवंतने एक अक्षरही लिहून घेतले नाही.

"तुम्ही लिहीत नाही?"

"तुम्ही सहाव्या, अक्का."

"म्हणजे?"

"तुमच्या मेडोजमधून आलेलं सहावं माणूस. कुणी भांडण ऐकलं. कुणाला पहाटे परसात फावड्याचा आवाज आला. सगळं तोंडी. सही करा म्हटलं, की घरी विचारून येतो म्हणतात." त्याने तळवे उलटे केले. "वरचे साहेब म्हणतात, नोंदीत पोरगी बाहेर गेलीय. मग मी कुणाचं परस कशाच्या जोरावर खणू?"

"पहिलं कोण आलं होतं?"

तिने पर्समधला कागद काढून, उलगडून टेबलावर ठेवला होता; बसवंतची नजर तळाशी छापलेल्या अध्यक्षांच्या नावावर गेली आणि तिथेच राहिली.

"बुधवारीच आले होते," तो म्हणाला. "साडेआठला किंकाळी ऐकली म्हणाले. टीव्हीचा आवाज वाढवला, तेही स्वतःच म्हणाले. रडले हो, याच खुर्चीत. चहा मागवला, तो तसाच टाकून गेले."

अंजलीला मंगळवारच्या बातम्यांचा आवाज आठवला. असह्य होऊन तिने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले होते. आवाज एवढा का वाढवला, हे विचारायला ती बाहेर आली नव्हती.

खिडकीतून समोरची सावली दिसत होती. जितेंद्र गाडीबाहेर येऊन बॉनेटला टेकून उभा होता. तिचे लक्ष गेलेले पाहून त्याने हात हलवला: सावकाश होऊ द्या, घाई नाही.

बसवंतनेही ते पाहिले. त्याने आवाज खाली आणला.

"मी जबरदस्ती करणार नाही, अक्का. परत तिथंच जायचंय तुम्हाला. घरी विचारून या हवं तर."

अंजलीने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि खिडकीकडे पाठ केली.

"घरी सगळं ठाऊक आहे," ती म्हणाली. "कोरा कागद द्या."