चौथ्या रकान्यातलं नाव

होळकर सरकारात तीस वर्षं कारकुनी केली आणि संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झाल्यावर पेन्शनीत निघालो, पण सरकारी कागदावर कधी खाडाखोड केली नाही. माज होता म्हणा हवं तर.

मोरीत पाय घसरून गुडघ्याजवळचं हाड मोडलं. इस्पितळात सिस्टर शारदाबाई कार्ड घेऊन आल्या. नव्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की वय, मधुमेह, तंबाखू आणि घरी करणारं माणूस, एवढ्यावरून रोगी कधी चालेल ते कळतं. माझं अक्षर चांगलं म्हणून कार्ड मलाच भरायला दिलं. चौथ्या रकान्यात सवयीनं हात चालला: सौ. शालिनी, पत्नी. शालिनीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. चूक लगेच दिसली, पण खोडायला हात धजेना. तसंच दिलं.

प्लास्टर निघाल्यावर ज्याचं कोणी नाही त्याला तीन आठवडे ठेवून घेत आणि सिस्टर रोज हात धरून व्हरांड्यात चालवीत. बाकीच्यांच्या घरच्या माणसाला ते चालवणं शिकवून रोग्याला घरी धाडत. पत्नीला शिकायला कधी पाठवता, असं शारदाबाईंनी दोनदा विचारलं. तिची अर्धशिशी उठलीय, मीच सांगेन, असं मी ठोकून दिलं.

मलाही घरी धाडलं. रामबागेतल्या माझ्या खोलीत महिनाभर खाटेवर बसून काढला. पडलो तर उचलणार कोण, या भीतीनं उठलोच नाही. शेजारचा मुलगा जेवणाचा डबा ठेवून जाई, तेवढीच माणसाची चाहूल. इतका एकटा मी ती गेली तेव्हाही नव्हतो. गुडघा आखडून लाकूड झाला.

शेवटी टांगा करून परत गेलो. शारदाबाईंनी गुडघा वाकवून पाहिला, तो वाकेना.

"काकाजी, घरवालीनं जरा पण ध्यान नाही दिलं का? असंच छोडून दिलं तुम्हाला?"

मला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस जी उशाशी बसून होती, तिला माझ्यापायी हे ऐकावं लागलं. माझी मलाच लाज वाटली.

"कार्ड द्या," मी म्हणालो. "तिचा दोष नाही. ती नाहीये."

खोडायचं झालं तर कचेरीचा नियम असा, की एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. मी रेघ मारली, सही केली. खाली लिहिलं: कोणी नाही.

रेघेखालचं शालिनीचं नाव मात्र स्वच्छ वाचता येत होतं.