वाळलेला सोडा

मिठाची बरणी उघडली की माझ्या वर्गातली ती मुलगी अजून बोलते. “सर, यातलं पाणी उडालंय.” बत्तीस वर्षं झाली. मी नुसता खाली बघतो.

मी रसायनशास्त्र शिकवत होतो, बरं की वाईट ते मला कधीच कळलं नाही. वार्षिक प्रात्यक्षिकात प्रश्न होता : बाटलीतल्या २.८६ ग्रॅम धुण्याच्या सोड्यात सोडियमचे अणू किती? अणू मोजता येत नाहीत, म्हणून आपण वजन करतो, मोलवस्तुमानानं भागून मोल काढतो आणि मोलांवरून अणू. लेबलवर सूत्र होतं, पाण्याच्या दहा रेणूंसकट, म्हणजे मोलवस्तुमान २८६. पोरांनी भागलं, ०.०१ मोल आले आणि पोरं मोकळी झाली.

ती मात्र बर्नर मागायला आली.

“कशाला?”

“सर, सोडा तापवून बघते. यातलं पाणी उडालंय.”

“लेबल वाचता येतं ना?”

“येतं. पण ओलं लेबलच आहे, सोडा कोरडा आहे.”

वर्ग फिदीफिदी हसला. तो मलाच हसतोय असं मला वाटलं. तिनं सोडा तापवला, वजन २.४४ भरलं, म्हणजे पाणी उरलं होतं ते दहातलं एकच. एका पाण्यासकट मोलवस्तुमान १२४; तिनं २.८६ ला त्यानं भागलं. तिचे अणू लेबलच्या हिशेबापेक्षा दुपटीहून जास्त आले. मी लाल पेन्सिलीनं उभी रेघ मारली. दहापैकी शून्य. चार गुणांनी ती नापास झाली आणि पुन्हा शाळेत आली नाही.

त्याच संध्याकाळी रिकाम्या प्रयोगशाळेत मी तोच सोडा तापवला होता. तराजू २.४४ वर थांबला. बाटलीचं बूच सैल होतं, ते उन्हाळाभर तसंच राहू देणारा मीच. गुणपत्रक दुसऱ्या दिवशी ऑफिसात जायचं होतं. मी वाटी धुऊन ठेवली.

तिची उत्तरपत्रिका मात्र टाकवली नाही.

परवा ती घेऊन मी तिच्या थोरल्या बहिणीच्या लॉन्ड्रीत गेलो. वाफेत चादरी लोंबत होत्या. बाई इस्त्री फिरवत होत्या.

“सर ना तुम्ही? ती ज्यांची नक्कल करायची ते?”

“ती आहे का?”

“सहा वर्षं झाली जाऊन.”

मी कागद पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं, बुचासकट, वाटीसकट. शेवटी खिशातली लाल पेन्सिल काढून शून्य खोडलं आणि शेजारी दहा लिहिले. आकडा वाकडाच आला.

त्यांनी इस्त्री उभी केली. “हे आता कुणाला दाखवू? आई नाही, बाबा नाहीत. आणि ती नापास झाल्याचं तर आम्हाला माहीतच नव्हतं.”

“म्हणजे?”

“घरी म्हणाली, ‘मला शिकायचा कंटाळा आलाय.’ बाबांनी तेव्हा थोबाडीत मारली होती.” मग हलकेच, “तुमचं नाव तिनं कधी घेतलं नाही हो सर.”

कागद त्यांनी मलाच परत दिला. निघताना कोपऱ्यात सोड्याचा डबा दिसला. झाकणावर तिच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी होती : ‘आधी बघा, मग वजन करा.’

घरी आलो. मिठाची बरणी उघडली. ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून मी रोज बरणी उघडतो, झाकण हातात धरून उभा राहतो आणि तिनं बोलावं म्हणून वाट बघतो.