टेहळ्या काय बघत होता

आमच्या ऑफिसात बसगाड्यांची वेळापत्रकं तयार होतात. ती तयार करणारा प्रोग्राम मावशीने अकरा वर्षांपूर्वी लिहिला. ही माझी सख्खी मावशी. पण ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळेच तिला मावशी म्हणतात, त्यामुळे मी नोकरीला लागलो तेव्हा वशिल्याचा संशय कुणालाच आला नाही.

गेला महिनाभर तिच्या प्रोग्राममधून वेळापत्रक बाहेरच येत नव्हतं. गाड्या जुन्याच वेळांवर धावत होत्या. साहेबांनी सांगून टाकलं होतं: शुक्रवारपर्यंत वेळापत्रक निघालं नाही तर हा प्रोग्राम मोडीत, नवा विकत, आणि मावशीची बदली हरवलेल्या छत्र्यांच्या खिडकीवर.

"साहेब, यंत्रावर ताण असेल," मावशी म्हणाली.

"ताण?" साहेबांनी भिंतीवरच्या स्क्रीनकडे हात केला. "टेहळ्या बघा की."

टेहळ्या म्हणजे यंत्राच्या पोटात कोणते प्रोग्राम चालू आहेत आणि कोण किती खातंय, हे दाखवणारा प्रोग्राम. स्क्रीनवर हिरवी यादी, शेजारी बारीक बारीक आकडे. दोन वर्षांत त्यातला एकही आकडा हलला नव्हता. यंत्र फार स्थिर आहे, असा सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला होता. साहेब पाहुण्यांना ती स्क्रीन मुद्दाम दाखवत.

मला मावशीची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त एक प्रश्न कुरतडत होता: इतकं गुणी यंत्र असतं का कुठे? गुरुवारी सकाळी मी 'गाढव' नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याने एकपासून मोजत सुटायचं आणि कधीच थांबायचं नाही, एवढंच काम. तो चालू केला. टेहळ्याच्या यादीत गाढव नाही. आणखी सहा सोडली. पंखा असा किंचाळायला लागला की यंत्र आता खिडकीतून उडून जाणार. यादी मात्र ढिम्म.

"काय चाललंय रे?" मावशीने विचारलं.

"सात गाढवं सोडलीत. टेहळ्याला एकही दिसत नाही."

"तू सोडलीस आणि त्याला दिसत नाहीत? मग गाढव कोण?"

मी निमूटपणे सातही थांबवली आणि टेहळ्याची सेटिंग उघडली. तिथे रंग बदलता येत होते. बाकी काही नाही.

"हिरवा मीच केला," मावशी म्हणाली. "आधी लालभडक होता. बघून छातीत धडधडायचं."

टेहळ्या बांधला होता घाईरावने, म्हणजे माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने. त्याने कोणते पर्याय देऊन तो बांधला, त्याची नोंद सुदैवाने फोल्डरमध्ये पडून होती. अशा प्रोग्रामचं चष्म्यासारखं असतं. नंबर ठरतो तो काच घासताना. नंतर फार तर दांडी वाकवायची. नोंदीत एक ओळ होती: चालू प्रोग्रामांची माहिती कुठून वाचायची. तिथे यंत्राच्या जिवंत माहितीची जागा हवी. घाईरावने लिहिलं होतं 'नमुना'.

मी त्याला फोन लावला.

"हां, नमुना!" तो खूश झाला. "एका दुपारी यंत्राच्या माहितीची नक्कल काढून ठेवली होती. रंग कसे दिसतात ते बघायला. खरा नंतर बांधणार होतो."

"मग?"

"मग दुसरी नोकरी लागली. का रे, अजून चालू आहे?"

दोन वर्षं आख्खं ऑफिस एका जुन्या दुपारवर पाळत ठेवून होतं.

"आता खरी जागा घालून बांध बरं," मावशी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "मला बघायचंय."

बांधायला चार मिनिटं लागली. नवा टेहळ्या उघडला आणि स्क्रीनवर आकडे उड्या मारायला लागले. यादीत सगळ्यात वर, सगळ्यात जास्त खाणारा: मावशीचा प्रोग्राम. त्याच्या खाली मावशीचा प्रोग्राम. त्याच्याही खाली तोच. मी मोजले. चौदा.

मावशी हळूच म्हणाली, "म्हणजे साहेब खरं बोलत होते? दोष माझाच?"

"तू चौदा वेळा चालू केलास?"

"अरे, महिन्यापूर्वी दोन मार्ग वाढले. दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं. तो आपला पडद्याआड चालतो, संपला की छापतो. मध्ये मान वर करून बघायचे, तर यादीत नाही. म्हटलं मेला! पुन्हा चालू करायचे."

एकही मेला नव्हता. चौदाही जण महिनाभर एकाच ताटावर तुटून पडले होते; ताट याच्याकडून त्याच्याकडे सरकवण्यातच यंत्राचा सगळा वेळ जात होता आणि कुणाचंच पोट भरत नव्हतं.

"तेरा थांबवायचे," मी म्हणालो. "कुठला ठेवू? पहिला? बिचारा सगळ्यात जास्त राबलाय."

"त्याच्याकडे महिन्यापूर्वीच्या गाड्यांची माहिती आहे, दयाळू माणसा. आजचा ठेव."

तेरा थांबवले. पंखा शांत झाला. आम्ही दोघं त्या एका ओळीकडे बघत बसलो. आकडा वर जायचा, खाली यायचा, आणि दर वेळी मावशी "का बरं?" विचारायची. पाव तासात छपाई सुरू झाली.

तेवढ्यात साहेब आले. स्क्रीन बघून दारातच थबकले.

"हे काय हलतंय? काल किती शांत होतं!"

"काल ते दोन वर्षांपूर्वीचं होतं, साहेब," मावशीने गरम कागद त्यांच्या हातात ठेवले. "हे आजचं."

साहेबांनी वेळापत्रक शेवटच्या पानापर्यंत चाळलं. "छत्र्यांच्या खिडकीचं राहू द्या," ते कागदाकडे बघतच म्हणाले. मग स्क्रीनकडे वळले. चोरून एकदा, मग उघड उघड.

"मावशी, तो तिसरा आकडा एवढा का चढतोय?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली आणि सरकून त्यांना जागा करून दिली. "बसा, बघू या."